साठीच्या पुढच्या लोकांसोबत ॲप टेस्ट करायचं असेल तर: पहिल्या भेटीपासून रिपोर्टपर्यंत

'सिनियर युजर्सचा रिसर्च' म्हणून बऱ्याच टीममध्ये जे चालतं ते साधारण असं असतं: कोणीतरी वीकेंडला घरी जातं, आईच्या हातात ॲप देतं, आई म्हणते छान केलंयस रे, आणि सोमवारच्या मीटिंगमध्ये सांगितलं जातं की सिनियर्सना काही प्रॉब्लेम नाही. प्रॉब्लेम आईला होता, तिने तो सांगितला नाही एवढंच. पोराने केलंय, त्याला कशाला नावं ठेवा.

म्हणून माझा पहिला आणि खरं तर एकमेव नियम: साठीच्या पुढचा माणूस तोंडाने काय सांगतो ते नंतर ऐकायचं, आधी त्याचे हात बघायचे. आणि ते बघताना काम त्याचं स्वतःचं हवं, फोन त्याचा स्वतःचा हवा आणि तोंड तुमचं बंद हवं. पुढे जे काही लिहिलंय ते हे तीन प्रकार प्रत्यक्षात जमवायचे कसे याबद्दल आहे. डिझाइनचे स्टुडंट, छोट्या कंपनीतले डेव्हलपर, पतसंस्थेचं किंवा सोसायटीचं ॲप बनवणारे, सगळ्यांना करता येईल असं आहे, त्याला लॅब वगैरे लागत नाही.

आधी वयाने नेमकं काय बदलतं ते

हे डोक्यात पक्कं नसेल तर समोर दिसलेल्या गोष्टीचा अर्थ उलटा लागतो. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग कडक होत जातं म्हणून जवळचं दिसत नाही हे सगळ्यांना माहितीये, पण त्याहून मोठा प्रकार उजेडाचा आहे. भिंग पिवळसर होतं, बाहुली लहान राहते, आणि साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. म्हणजे तुमच्या डिझायनरने भारीतल्या मॉनिटरवर बघून ठरवलेली ती फिकट राखाडी अक्षरं त्यांच्यासाठी जवळपास नसतातच. निळ्या-हिरव्यातला फरकही कमी कळतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की रंग परत स्वच्छ दिसायला लागतात, त्यामुळे ऑपरेशन झालंय का, एका डोळ्याचं की दोन्हीचं, हे सुरुवातीलाच विचारून लिहून ठेवा.

मग बोटं. त्वचा कोरडी होते आणि आजकालच्या टचस्क्रीनला कोरडं बोट नीट कळत नाही, म्हणून बरेच जण जोरात दाबतात, नखाने दाबतात, काही जण नोटा मोजताना करतात तसं बोट जिभेला लावून दाबतात. त्यात बोट टेकवून उचलायला जरा वेळ लागतो, तेवढ्यात फोन त्याला लाँग प्रेस, म्हणजे मुद्दाम दाबून धरलंय असं, समजतो आणि भलताच मेनू उघडतो. माणसाला वाटतं फोन बिघडला, डेव्हलपरला वाटतं माणसाला येत नाही. खरं तर अँड्रॉइडच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये 'टच अँड होल्ड डिले' नावाचा पर्याय आहे, तो वाढवला की हा त्रास बराच कमी होतो, पण तो कोणाला माहितीच नसतो.

कानाचं म्हणाल तर बारीक, उंच आवाज आधी जातात, त्यामुळे स, श, फ असले उच्चार नीट लागत नाहीत. आणि डोक्याचं म्हणाल तर एका वेळी चार गोष्टी डोक्यात धरून ठेवणं जड जातं, विचार करण्याचा वेग कमी होतो. शब्दांचं ज्ञान, अनुभव, व्यवहार कळणं हे मात्र टिकून असतं, उलट बऱ्याचदा तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त असतं.

आता यात एक महत्त्वाचं. अमेरिकेत क्रिएट नावाचं एक संशोधन केंद्र १९९९ पासून फक्त याच विषयावर काम करतंय, तिथल्या सारा झाया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली १८ ते ९१ वयाच्या १,२०४ लोकांचा अभ्यास छापला. त्यातून दिसलं असं की वय वाढलं म्हणून टेक्नॉलॉजी सुटली इतकं ते सरळ नाहीये, मधे आकलनाची क्षमता येते, कॉम्प्युटरची भीती येते आणि आपल्याला हे जमेल का हा विश्वास येतो. आता आकलनाचं तुम्ही काही करू शकत नाही, पण भीती तुमचं ॲप वाढवू पण शकतं आणि कमी पण करू शकतं, म्हणून टेस्टमध्ये भीती कुठल्या स्क्रीनवर वाढते हे शोधायचं.

प्रश्न बारीक करा

'आपलं ॲप सिनियर्सना जमतं का' हा प्रश्न घेऊन गेलात तर 'हो जमतं' एवढंच उत्तर घेऊन परत याल. एकच काम पकडा. मी पुढे सगळीकडे वीजबिलाचं उदाहरण घेणारे कारण ते प्रत्येक घरात आहे आणि त्यात सगळं येतं: कागदी बिल हातात धरायचं, त्यावरचा ग्राहक क्रमांक (महावितरणचा १२ आकडी असतो) बघून फोनमध्ये टाकायचा, रक्कम तपासायची, पैसे भरायचे, पावती सांभाळायची. यातल्या प्रत्येक पायरीवर तुम्हाला काय बघायचंय ते एकेका ओळीत लिहा. 'आकडे टाकताना कितीदा मागे जातात', 'पैसे गेले की नाही हे कशावरून ठरवतात', अशा ओळी. एका बैठकीत तीनच्या वर कामं देऊ नका आणि पाऊण तासाच्या पुढे ताणू नका.

माणसं कुठून आणायची

इथेच निम्मे लोक चुकतात. गूगल फॉर्म बनवतात आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात. अहो, जो माणूस गूगल फॉर्म स्वतः भरून सबमिट करू शकतो तो तुमचा सगळ्यात सोपा युजर आहे, ज्यांच्यासाठी हा उद्योग चाललाय ते त्या फॉर्मपर्यंत पोचलेच नाहीत.

आपल्याकडे गावोगावी ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, त्यांचा फेस्कॉम हा राज्यभराचा महासंघ आहे, शहरांत विरंगुळा केंद्रं आहेत, सकाळचे हास्यक्लब आहेत, भजनी मंडळं आहेत. तिथे प्रत्यक्ष जायचं. सेक्रेटरींना किंवा अध्यक्षांना आधी भेटायचं, त्यांच्या मीटिंगमध्ये मिनिटभर बोलायचं आणि चहाला थांबायचं, कारण नावं चहाच्या वेळी मिळतात. अनोळखी नंबरवरून फोन करून 'आम्ही तुमच्या मोबाईल वापराबद्दल जाणून घेऊ इच्छितो' असं म्हणालात तर समोरचा शहाणा माणूस फोन ठेवणार, आणि त्याने ठेवायलाच हवा. डिजिटल अरेस्टच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्यात.

वयाचं काय धरायचं? २००७ च्या कायद्याप्रमाणे ज्येष्ठ नागरिक ६० ला, एसटीत अर्धं तिकीट ६५ ला, पूर्ण फुकट ७५ ला, आणि परदेशातल्या बऱ्याच स्टडीज ६५ पासून मोजतात. माझं मत विचाराल तर आकडा एकच धरू नका. साठीतला नुकता रिटायर झालेला बँकेतला माणूस आणि ब्याऐंशीच्या आजी यांच्यात जेवढं अंतर आहे तेवढं त्या माणसात आणि तुमच्यात नाहीये. म्हणून साठी, सत्तरी, ऐंशी असे तीन गट करा, बायका-पुरुष दोन्ही घ्या, आणि 'माझं सगळं मुलगाच करतो' म्हणणारे मुद्दाम घ्या. हे शेवटचे लोक 'मला काय येतंय, दुसऱ्या कोणाला तरी घ्या' म्हणतात, त्यांना सोडू नका.

किती जण? पाच जणांत काम होतं असं सगळे म्हणतात, ते जेकब नील्सन आणि थॉमस लँडाउअर यांच्या १९९३ च्या गणितावरून आलंय: एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो, तर पाच जणांत साधारण ८५ टक्के येतात. पण हे गणित सारख्या-सारख्या लोकांसाठी ठीक, आणि वय वाढतं तशी माणसं एकमेकांपासून जास्तच वेगळी होत जातात. एकाचे हात थरथरतात पण डोकं तल्लख, दुसऱ्याचं उलट. त्यामुळे पाचवर थांबू नका, प्रत्येक गटातून तीन-चार तरी घ्या.

निवडताना 'स्मार्टफोन वापरता का' विचारून काही कळत नाही, सगळे हो म्हणतात. त्याऐवजी 'रिचार्ज कोण मारतं?', 'काल फोनवर शेवटचं काय केलंत?', 'नवीन ॲप लागलं तर कोणाला सांगता?' असं विचारा, चित्र लगेच स्पष्ट होतं.

संमती आणि पैसे

संमतीपत्र मराठीत, एका पानावर, मोठ्या अक्षरात, आणि ते स्वतः वाचून दाखवायचं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे तो आहेच, पण त्याच्याही आधी साधा प्रश्न असा की आयुष्यभर 'वाचल्याशिवाय सही करू नका' हे ऐकलेल्या माणसाकडून तुम्ही दोन मिनिटांत सही मागताय. आदल्या दिवशी कागद घरी पाठवा. त्यावर स्पष्ट लिहा की आम्ही पिन, ओटीपी, आधार नंबर मागणार नाही, बँक बॅलन्स बघणार नाही, चेहरा रेकॉर्ड करणार नाही फक्त हात आणि स्क्रीन, आणि रेकॉर्डिंग अमुक तारखेला डिलीट करणार. पैशाचं काम असेल तर खरे पैसे वापरू नका, टेस्टचं खातं बनवा.

मानधन द्या. बरेच जण नको म्हणतील, 'अहो तुम्ही मुलीसारख्या' वगैरे होईल. पाकिटावर 'प्रवासखर्च' लिहून द्या, घेतात. पाऊण तास त्यांनी डोकं लावलंय, फुकट का करून घ्यायचं.

वेळ आणि जागा

सकाळची वेळ घ्या. सिंथिया मे आणि लिन हॅशर यांनी १९९३ साली सहकाऱ्यासोबत दाखवलं होतं की वयस्कर लोक बहुतेक सकाळी जास्त तरतरीत असतात आणि त्यांची स्मरणशक्ती दुपार-संध्याकाळपेक्षा सकाळी चांगली चालते, तरुणांचं उलट. तुमची टीम अकराला उठून चारला टेस्ट लावणार असेल तर तुम्ही ॲप मोजत नाही, थकवा मोजताय. शुगरवाल्यांचं नाश्त्याचं, गोळ्यांचं टाइमिंग विचारा.

जागा त्यांच्या घरी किंवा संघाच्या हॉलमध्ये. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर बोलावू नका. खिडकी पाठीमागे आली तर स्क्रीनवर उजेड चमकतो, खुर्ची फिरवा. खुर्चीला हात असावेत, कारण कोपर टेकवायला जागा मिळाली की हात कमी थरथरतो. पंख्याचा आवाज कमी करा. आणि सांगून ठेवा की चष्मे दोन असतील तर दोन्ही आणा.

फोन त्यांचाच. तुमच्या नव्या कोऱ्या फोनवर टेस्ट घेतली तर काय कळणार? खऱ्या फोनला जाड कव्हर असतं, कडेला हवा शिरलेली टेम्पर्ड ग्लास असते, गुड मॉर्निंगच्या व्हिडिओंनी मेमरी भरलेली असते, आणि स्क्रीनवर मुलाने कधीतरी टाकून दिलेलं काहीतरी असतं. सुरू करायच्या आधी लिहून घ्या: अक्षरांचा साइझ किती ठेवलाय, डिस्प्ले झूम आहे का, भाषा कुठली, कीबोर्ड कुठला, खाली तीन बटणं आहेत की स्वाइप. या शेवटच्याकडे नीट लक्ष द्या. मागे जायचं बटण दिसत असलं की माणूस धीट असतो. चुकलं तर परत येता येईल हे डोळ्यांना दिसत असतं ना.

समोर बसल्यावर

'ही तुमची परीक्षा नाही' हे वाक्य सगळ्या गाइडमध्ये असतं आणि त्याचा काही उपयोग होत नाही, उलट परीक्षा हा शब्द ऐकूनच निवृत्त माणूस ताठ बसतो. मी साधारण असं म्हणते: 'काका, हे ॲप अजून कच्चं आहे. कुठे अडतं ते शोधायला आलेय. हे मी बनवलेलं नाही, त्यामुळे तुम्ही कितीही नावं ठेवलीत तरी मला काही वाटणार नाही. जेवढं जास्त अडेल तेवढं माझं काम सोपं.' हे शेवटचं वाक्य जादू करतं, लोक चुका शोधायला लागतात.

हाक कशी मारायची तेही बघा. बासष्टच्या बाईंना 'आजी' म्हणालात तर बैठक तिथेच संपली, काकू म्हणा. शाळेत शिकवलेल्यांना बाई किंवा सर. नसेल कळत तर संघात त्यांना काय म्हणतात ते ऐका आणि तेच म्हणा.

घरच्यांचं काय करायचं हा मोठा प्रश्न. 'अहो बाबा खाली दाबा ना, खाली, ते निळं' हे सुरू झालं की टेस्ट संपली. त्यांना बाहेर काढणं वाईट दिसतं, म्हणून काम द्या: एक कागद देऊन दुसऱ्या खोलीत बसवा आणि लिहायला सांगा की बाबांना हे कुठे-कुठे अडेल असं तुम्हाला वाटतं. नंतर तो कागद आणि तुमच्या नोंदी शेजारी ठेवून वाचा. घरच्यांचा अंदाज जिथे साफ चुकलेला असतो ती जागा हमखास कामाची निघते.

'मोठ्याने बोलत-बोलत करा' ही पद्धत सगळीकडे वापरतात, पण इथे जपून. बोलणं आणि करणं दोन्ही एकदम केल्याने काही जण गोंधळतात, आणि याची दुसरी बाजूही आहे: मार्क फॉक्स आणि नील चार्नेस यांना २०१० मध्ये असं आढळलं की वयस्कर लोकांनी मोठ्याने विचार करत आकृत्यांची कोडी सोडवली तर त्यांचे गुण चक्क वाढले. म्हणजे बोलायला लावलं तरी तुम्ही निकाल बदलताय. घरी एकटा बसलेला माणूस काही बोलत बसत नाही. माझी पद्धत अशी की आधी शांतपणे करू द्यायचं, आणि झालं की रेकॉर्डिंग लावून विचारायचं, 'इथे थांबला होतात, तेव्हा काय चाललं होतं?' यात वेळ जातो पण माल चांगला मिळतो.

अडले की काय? याची एक शिडी ठरवून ठेवा आणि प्रत्येक वेळी कुठल्या पायरीवर सुटलं ते लिहा. आधी नुसतं थांबायचं, तुम्हाला असह्य होईल तरी थांबायचं. मग 'आता काय शोधताय?' मग 'या स्क्रीनवर काय काय दिसतंय ते वाचून दाखवता?' मग हाताने नुसता वरचा किंवा खालचा भाग दाखवायचा. अगदीच नाही तर करून द्यायचं आणि पुढच्या कामाकडे जायचं, अडकवून ठेवायचं नाही, त्याने माणूस उरलेला दिवस स्वतःला दोष देत बसतो.

एक प्रसंग जवळून सांगते म्हणजे हात बघायचे म्हणजे काय ते कळेल. एक निवृत्त शिक्षिका, सत्तरी पार, वीजबिल भरतायत. बिल डाव्या हातात, त्यासाठी चष्मा नाकावर खाली, फोनसाठी मान वर करून चष्म्याच्या खालच्या काचेतून. तीन आकडे वाचले, मान हलवली, तीन आकडे टाकले, परत बिलाकडे. बिलावर बारा आकडे सलग छापलेत, चौकोनातही सलगच, त्यामुळे परत आल्यावर आपण कुठे होतो ते सापडेना. बाईंनी सरळ पेन काढलं आणि बिलावर तीन-तीन आकड्यांनंतर उभी रेघ मारली. झालं, पुढे सुरळीत. बारावा आकडा पडला. आता हात फोनवर तसाच राहिला. 'पुढे' बटण होतं, पण कीबोर्ड उघडा असल्यामुळे ते त्याच्या मागे गेलेलं. बाईंनी कीबोर्डवरचं सगळं वाचलं, वर बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग फोन खाली ठेवून म्हणाल्या, 'झालं वाटतं.' जरा वेळाने, 'नाही का? मग माझंच काहीतरी चुकलं असणार.'

विचारलं असतं तर त्यांनी ॲपला दहापैकी नऊ दिले असते. पण हातांनी दोन गोष्टी सांगितल्या: आकडे गटागटात दिसले पाहिजेत, आणि बटण कीबोर्डच्या वर राहिलं पाहिजे. दोन्ही अर्ध्या दिवसाची कामं. आणि ती पेनाची रेघ म्हणजे तर तयार डिझाइनच होतं.

नोंदवायचं काय तर बोट स्क्रीनच्या वर हवेत थांबणं, होमला जाऊन सगळं पहिल्यापासून सुरू करणं, ओठ हलवत वाचणं, आणि तुमच्याकडे बघणं. तुमच्याकडे बघितलं म्हणजे त्या स्क्रीनने जी खात्री द्यायला हवी होती ती दिली नाही, प्रत्येक वेळी खूण करा. वेळ मोजा पण वेळ जास्त लागला म्हणून नापास करू नका. नील्सन नॉर्मन ग्रुप या युजर रिसर्च करणाऱ्या कंपनीच्या २०१३ च्या अभ्यासात ६५ च्या पुढचे लोक वेबसाइटवर २१ ते ५५ वाल्यांपेक्षा ४३ टक्के हळू होते. हळू असणं हा बिघाड नाही, पण तुमचा ओटीपी तिसाव्या सेकंदाला मरत असेल तर तो तुमचा बिघाड आहे. ओटीपीचा मेसेज वरून येतो, वाचेपर्यंत जातो, मग मेसेजमध्ये जा, सहा आकडे डोक्यात धरा, परत या, तर ॲप पहिल्या पानावर. हे सगळं तुम्ही स्वतः एकदा स्टॉपवॉच लावून करून बघा.

झाल्यावर काय विचारायचं

'आवडलं का' विचारू नका. जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये केलेली दहा वाक्यांची यूजेबिलिटी स्केल, म्हणजे वापरायला किती सोपं वाटलं ते मोजणारी प्रश्नावली, सगळे वापरतात, १०० पैकी गुण येतात, ६८ च्या आसपास सरासरी धरतात. पण तिच्यात एक वाक्य चांगलं, एक वाईट असं आलटून-पालटून असतं, आणि 'ॲप विनाकारण किचकट वाटलं' याला 'असहमत' म्हणायचं म्हणजे चांगलं म्हणायचं, हे उलटसुलट करता-करता माणूस थकतो आणि सगळीकडे 'सहमत' करून मोकळा होतो. वापरायचीच असेल तर एकेक वाक्य वाचून दाखवा आणि उत्तर तुम्ही लिहा.

माझे आवडते प्रश्न दोनच. 'शेजारच्या काकूंना हे समजावून सांगायचं असेल तर कसं सांगाल?' यात त्यांना काय समजलंय ते सगळं बाहेर येतं, आणि बऱ्याचदा कळतं की पैसे नक्की कधी कापले गेले हेच त्यांना माहीत नाही. दुसरा, 'उद्या घरी एकटे असाल तर हे स्वतः कराल की मुलाची वाट बघाल?' इथे जमलं तरी वाट बघेन म्हणणारे खूप निघतात. फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलं होतं की वापरायला सोपं वाटणं आणि उपयोगाचं वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ज्येष्ठांच्या बाबतीत त्यात तिसरी येते ती म्हणजे चुकलं तर घरात बोलणी कोण खाणार. तिचा उपाय पण स्क्रीनवरच असतो, पैसे जायच्या आधी एक मोठा, स्वच्छ, परत फिरता येईल असा टप्पा.

मग वही मागा. खूप जणांकडे एक वही असते, '१. हिरवं चित्र दाबणे. २. खाली उजवीकडे गोल. ३. पिन.' अशा स्टेप्स हाताने लिहिलेल्या. फोटो काढायच्या आधी त्यांनाच बघायला सांगा, कारण त्याच पानावर पिन लिहिलेला असतो, तो झाकायला लावा. ही वही सोनं आहे. त्यात माणूस काय ओळखीची खूण म्हणून धरतो ते दिसतं, आणि तुमच्या मागच्या अपडेटने हिरव्या चित्राचं निळं करून कुणाची अख्खी वही बाद केली तेही दिसतं. आणि जमलं तर आठ-दहा दिवसांनी परत जाऊन तेच काम न शिकवता करायला द्या. पहिल्या दिवशी जमलं म्हणजे ॲप सोपं, असं नसतं.

रिपोर्ट आणि दुरुस्ती

रिपोर्टमध्ये प्रत्येक वाक्याचा कर्ता स्क्रीन ठेवा. 'युजरला स्क्रोल करता आलं नाही' असं नाही, 'बटण कीबोर्डमागे गेलं' असं. वाक्य बदललं की मीटिंगमधलं भांडणच बदलतं, ट्रेनिंग व्हिडिओ बनवूया म्हणणारे गप्प होतात. मुद्दे कसे लावायचे? ज्याने पैसे चुकीचे जाऊ शकतात ते वर, ज्याने काम अर्धवट सुटतं ते त्याच्या खाली, नुसता वेळ जातो ते शेवटी.

दुरुस्त्या बऱ्याच ठरलेल्या असतात. साध्या मजकुराचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्यातला उजेडाचा फरक, निदान ४.५ ला १, हे वेब ॲक्सेसिबिलिटीच्या नियमांतच आहे. बटणाचं माप अँड्रॉइड ४८ डीपी सांगतं, ॲपल ४४ पॉइंट (ही दोघांची स्क्रीनवरचं माप मोजायची एककं), वेबच्या नियमांच्या २०२३ च्या आवृत्तीत किमान २४ पिक्सेल आहे पण ते किमानच, कोरड्या बोटासाठी त्यावर थांबू नका. फोनचा फाँट दुप्पट करून प्रत्येक स्क्रीन उघडून बघा, अर्ध्या ॲपची बटणं तिथेच एकमेकांवर चढतात. देवनागरीसाठी दोन ओळींमधलं अंतर वाढवा, नाहीतर वरची वेलांटी आणि खालचा उकार कापला जातो, आणि इंग्रजीइतकाच पॉइंट साइझ दिला तर मराठी बारीक दिसतं. नुसतं चित्र कुठेच ठेवू नका, खाली शब्द लिहा. तीन आडव्या रेघांच्या मागे मेनू आहे हे कोणी जन्मतः शिकून येत नाही. टाइप करायला लागत असेल तर बोलून लिहायची सोय द्या. आणि टेस्टला येणाऱ्या काहींच्या फोनवर आयआयटी मुंबईच्या आयडीसीने केलेला स्वरचक्र कीबोर्ड असेल, त्यात अक्षरं बाराखडीच्या ओळखीच्या क्रमाने असतात, तुमची स्क्रीन त्याच्यासोबत पण चालते का बघा.

'सिनियर मोड' बनवूया असं कोणीतरी म्हणणारच. मी सहसा विरोध करते. तो मोड सेटिंगमध्ये चौथ्या पानावर असतो, ज्याला हवा त्याला सापडत नाही, आणि सापडला तरी 'मी म्हातारा' असं बटण स्वतःच्या हाताने दाबायला कोण तयार होतं? कॉन्ट्रास्ट, मोठं बटण, परत फिरायची सोय हे सरसकट सगळ्यांना द्या, उन्हात रिक्षा चालवणाऱ्यालाही ते लागतं.

बदल झाले की नव्या स्क्रीन घेऊन त्याच संघात परत जा. ज्यांनी वेळ दिला त्यांना दाखवा की तुम्ही रेघ मारली होतीत ना, आता आकडे तसेच गटात दिसतात. पुढच्या वेळी माणसं शोधावी लागत नाहीत, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या फेरीतच लोक मोकळेपणाने नावं ठेवतात. रेकॉर्डिंग ज्या तारखेला डिलीट करणार म्हणून लिहून दिलंय त्याच तारखेला करा आणि सेक्रेटरींना फोन करून तसं कळवा.